आई खोलीत परत येते तेव्हा

पहाडगंज, नवी दिल्ली
२२ ऑगस्ट १९७१

कुमुदवन्सं,

नमस्कार. आधीच्या पत्रांना उत्तर आलं नाही, म्हणजे ती पोचली असं मी धरून चालते. न पोचलेली पत्रं परत येतात, आणि माझं एकही परत आलेलं नाही.

छातीचा फोटो पुन्हा काढला. स्वच्छ आहे. थुंकीतही काही नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, त्याची नक्कल सोबत जोडते. शेवटची ओळ वाचा. 'मुलीला जवळ ठेवण्यास हरकत नाही' हे त्यांचं वाक्य आहे, मी सांगून लिहून घेतलेलं नाही.

सूर्यकांत गेले तेव्हा मी क्षयाच्या इस्पितळात होते आणि अरुणा आठ महिन्यांची होऊन नुकतीच तुमच्याकडे आली होती. तेव्हा तुम्ही तिला कराडला नेलं नसतं तर ती आज असती की नाही, कोण जाणे. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. पण आता मी बरी आहे वन्सं. वजन वाढलंय. पहाडगंजातल्या मराठी शाळेच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतलीय, तिला खिडकी आहे आणि सकाळी ऊन येतं.

नोकरीही लागली. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. माझं एम.ए. मानसशास्त्राचं, ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. पण खरं सांगायचं तर त्यांना माझ्या पदवीपेक्षा माझी मराठी हवी होती. छावणीतल्या मराठा पलटणीच्या जवानांची मुलं त्यांनी अभ्यासाला घेतलीयत, आणि त्या मुलांच्या आयांना हिंदी येत नाही.

तुम्ही शाळा चालवता, म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. पहिलीतली मुलगी आणि चौथीतली मुलगी शेजारी बसवून फरक बघायचा, ही एक रीत. लवकर उरकते. पण त्या दोन वेगळ्या मुली असतात. पहिलीतलीच मुलगी चौथीत जाईपर्यंत कशी बदलते हे बघायचं, तर तिच्या मागे तीन वर्षं राहावं लागतं. आम्ही दुसऱ्या रीतीनं जातो. मूल वर्षाचं झालं की एकदा बघायचं, दीड वर्षाचं झालं की पुन्हा, मग पाचव्या वर्षी, बाराव्या वर्षी. आमच्या प्रमुख विजयालक्ष्मीबाई म्हणतात, एकदाच बघितलं तर फोटो मिळतो, गोष्ट मिळत नाही.

बघायचं कसं, तेही सांगते. एका खोलीत खेळणी असतात. आई मुलाला घेऊन येते. मग एक अनोळखी बाई येऊन बसते. थोड्या वेळानं आई उठून बाहेर जाते, तीनच मिनिटं, आणि परत येते. भिंतीत काच आहे. आतून तो आरसा वाटतो, पलीकडून आम्हाला सगळं दिसतं. लोकांना वाटतं, मूल किती रडतं ते आम्ही मोजतो. रडण्याला तेवढी किंमत नाही. आई खोलीत परत येते तेव्हा मूल काय करतं, तिकडे सगळं लक्ष असतं. जे तिच्याकडे धावतं, बिलगतं आणि शांत होऊन पुन्हा खेळायला लागतं, त्याला भरवसा आहे की ही जाते तशी येतेही.

परवा ठकूबाई आली होती. पाटण तालुक्यातली आहे, म्हणजे तुमच्याच बाजूची. नवरा हिंमतराव पलटणीत नाईक. मुलगा गुणवंत, नुकताच वर्षाचा झालाय, सगळे गुणा म्हणतात. ती बाहेर पडली तसं गुणानं असं भोकाड पसरलं, की काचेमागे आम्हालाही हसू आलं. ती आत आली, त्यानं तिच्या लुगड्याला धरून वर चढायला सुरुवात केली, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि मिनिटाभरात गप्प. मग खाली उतरून चेंडूकडे गेला. विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, "बिल्कुल पुस्तकातल्यासारखं!"

तुम्ही शाळेत निघता तेव्हा अरुणा रडते का? आणि परत येता तेव्हा काय करते? एवढं कळवा.

तिचा एक फोटो पाठवलात तर फार बरं होईल.

आपली,
अलकनंदा

पहाडगंज
७ नोव्हेंबर १९७१

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. 'अरुणा बरी आहे. मला आई म्हणते. दोन आयांचा घोळ तिच्या डोक्यात घालू नये, ही विनंती.' विनंती हा शब्द तुम्ही माझ्यासाठी पहिल्यांदाच वापरलात. हुकूम केला असतात तर भांडता आलं असतं.

मी दिवाळीला येणार होते. तिकीट काढलं होतं. तुमचं कार्ड आलं आणि मी ते परत केलं. सुट्टी मिळाली नाही असं शेजारी सांगितलं.

तुमचं म्हणणं अगदीच चूक असतं तर बरं झालं असतं. आमच्याकडे जे सिद्धांत मानले जातात ते तुमच्याच बाजूनं बोलतात. पहिल्या दोन वर्षांत मूल एका माणसाला धरतं. जन्म कुणी दिला हे त्याला ठाऊक नसतं. जो माणूस रोज येतो, त्याला ते धरतं. तो माणूस काढून घेतला, तर पुढे त्याला कुणाचाच भरवसा वाटत नाही म्हणे. जन्मभर. मी विजयालक्ष्मीबाईंना विचारलं, "एकदा काढून घेतलं गेलेलं मूल पुन्हा दुसऱ्याला धरतं ना?" त्या म्हणाल्या, "धरतं. पण किती वेळा धरेल?" कुणाबद्दल विचारतेय ते मी सांगितलं नाही. तुमच्या भाचीची आई असल्याचं मी तिथे कुणालाच सांगितलेलं नाही. विधवा आहे एवढंच ठाऊक आहे.

पलटण सीमेवर गेली. एका सकाळी गाड्या लागल्या आणि दुपारी छावणीत नुसत्या बायका आणि मुलं. आमच्याकडच्या मुलांचे त्यामुळे आपोआप दोन गट झाले. काहींचे वडील इथेच दिल्लीत कारकुनी कामावर आहेत, बाकीच्यांचे गेले. विजयालक्ष्मीबाई यादीकडे बघत म्हणाल्या, "आपल्याला असा प्रयोग कधी मांडता आला नसता. परिस्थितीनंच मांडून दिला." मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या. "मी हे बोलायला नको होतं," म्हणाल्या. त्या वाईट नाहीत वन्सं. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं आहे.

ठकूबाईकडे गेले होते. गुणा आता चालतो. संध्याकाळी बाहेर सायकल वाजली की दाराकडे पळतो. ठकूबाई म्हणाली, "बापाचीच सायकल वाटती त्याला. दुसरा कोन दिसला की माझ्याकडं बगतो, जसं काय म्याच लपवून ठेवलाय बापाला."

"कधी येणार म्हणून काही कळलं?"

"आमचं ह्ये म्हनालं, आंबं लागायच्या आत येतो. कागदावर आंगठा घेतलाय का म्या त्यांचा?" असं म्हणून ती हसली. मोठ्यानं हसते. दात पुढे आहेत, पण हसू लागली की बघत राहावं.

फोटोचं विसरू नका.

अलकनंदा

पहाडगंज
२१ डिसेंबर १९७१

वन्सं,

लढाई संपली. रेडिओवर ऐकलंच असेल. खिडक्यांना लावलेले काळे कागद लोक फाडताहेत. पहाडगंजात ढोल वाजले, हलवाई रस्त्यावर येऊन फुकट बर्फी वाटत होता.

हिंमतराव गेले. पूर्वेकडे, लढाई संपायला चार दिवस उरले असताना. तार आली तेव्हा ठकूबाई नळावर होती. ज्या शेजारणीनं तार वाचून घेतली तिनं मला सांगितलं, की ठकूबाई ऐकून पुन्हा नळावर गेली, राहिलेली भांडी घासली, पालथी घातली आणि मग भिंतीला टेकून जी बसली ती उठलीच नाही.

मी गेले तेव्हाही तशीच होती. रडत नव्हती. बोलत नव्हती. गुणा तिच्या मांडीवर चढायला बघायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. तिचे हात दोन्हीकडे पडलेले. तिला दिसतच नव्हता तो. शेवटी शेजारणीनं त्याला उचलून नेलं आणि दूधभात भरवला.

आमच्याकडे नियम आहे, की बघणाऱ्यानं घरातल्या गोष्टीत पडायचं नाही. पडलं की जे बघायचं तेच बदलतं. मी चूल पेटवली, तिचे केस विंचरले आणि तिथेच जेवले. संस्थेत कळवलं नाही.

घरी आल्यावर मला सूर्यकांतांचे दिवस आठवले. मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही. मी दुसऱ्या इमारतीत होते, खिडकीतून त्यांच्या वॉर्डाची कौलं दिसायची. तुम्ही त्यांच्याजवळ होतात. आजवर मी तुम्हाला लिहिलं नाही, आज लिहिते: मला त्याचा हेवा वाटतो. तुम्ही म्हणाला होतात, की हा आजार माझ्या माहेरून तुमच्या घरात आला. असेलही. माझे मामा त्यातच गेले. जंतूवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, पण तुम्हाला कुणावर तरी रागवायला हवं होतं आणि सूर्यकांतांवर तर रागावता येत नव्हतं.

फोटो मिळाला नाही. टपालात हरवला असेल, असं मी धरते.

अलकनंदा

पहाडगंज
३० जानेवारी १९७२

वन्सं,

वरच्या चार ओळी मी खोडल्या आहेत. उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न करू नका. रागात लिहिल्या होत्या.

गुणा दीड वर्षाचा झाला. म्हणजे पुन्हा त्या खोलीची वेळ. मी विजयालक्ष्मीबाईंना म्हटलं, "या मुलाला यंदा सोडू या. त्याचा बाप जाऊन दोन महिनेही झाले नाहीत, आई जागेवर नाही. आपण आणखी तिला उठवून बाहेर पाठवायचं?"

"अलकनंदा, तीन मिनिटं."

"त्याला तीन मिनिटं आणि तीन महिने यातला फरक कळत नाही."

"म्हणूनच तर बघायचं. ज्या मुलांवर काहीच बेतलं नाही ती सगळी येतील. ज्यांच्यावर बेतलंय ती एकेक करून आपण दया म्हणून सोडली, तर आपला अभ्यास कुणाबद्दल असेल? सुखी घरांबद्दल. मग उद्या अशाच एखाद्या मुलासाठी काय करावं हे कुणी विचारलं, तर आपल्याकडे उत्तर नसेल."

मी म्हटलं, आईला विचारते, ती नको म्हणाली तर नाही.

ठकूबाई नको म्हणाली नाही. आता ती उठते, पाणी भरते, कुणी विचारलं तर हो-नाही करते. "आमच्या ह्यांनी यायचं कबूल केलं व्हतं न्हवं? मग येते की," एवढंच म्हणाली.

खोलीत ती गुणाला खाली ठेवून खुर्चीवर बसली. तो खेळण्यांशी गेला. ठरल्या वेळी ती उठून बाहेर गेली. त्यानं मान वर करून दाराकडे पाहिलं आणि पुन्हा लाकडी गाडी फिरवू लागला. रडला नाही. हाक मारली नाही. माझ्या शेजारी उभी असलेली मदतनीस मुलगी कुजबुजली, "कितना समझदार हो गया है!"

ठकूबाई परत आली. दारात उभी राहून तिनं हात पुढे केले. गुणानं तिच्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं. मग तिच्याकडे पाठ केली आणि गाडी भिंतीपर्यंत नेली. ती दोन पावलं पुढे आली, तो आणखी लांब सरकला. ती मध्येच उभी राहिली, हात तसेच पुढे. तार आली त्या दिवसापासून ठकूबाईनं पहिल्यांदाच कुणाकडे तरी हात केले होते.

मी काचेमागून निघाले, दार उघडलं आणि आत गेले. हे करायचं नसतं. ठकूबाईनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, ह्यो मला वळखंना का?"

"ओळखतो," मी म्हटलं. "ओळखतो म्हणूनच रुसलाय. अनोळखी माणसावर कुणी रुसतं का?"

ती खाली बसली आणि रडली. तारेनंतर पहिल्यांदा. गुणा गाडी फिरवत राहिला.

विजयालक्ष्मीबाई नंतर मला म्हणाल्या, "तुम्ही आजची नोंद निकामी केलीत." आवाज चढवला नाही. पण आई आत आल्यानंतरचं पहिलं मिनिट त्यांनी लिहून घेतलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

अरुणा आता तीन वर्षांची झाली. मी तुमच्या दारात उभी राहिले तर ती पाठसुद्धा करणार नाही, हे मला कळतं. पाठ करायला आधी ओळख लागते.

अ.

पहाडगंज
१२ मार्च १९७२

वन्सं,

आज सविस्तर लिहिते. मन लावून वाचा, कारण यात तुम्हीही आहात.

हिंमतरावांचे वडील खंडेराव गावाहून आले. सत्तरीचे असतील, पांढरा फेटा, एका डोळ्याला कमी दिसतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नातू आमच्याकडे द्या. सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिनं माहेरी जावं. मुलाचं शेजारीण करते हे सगळी छावणी सांगत होती, आणि तेव्हा ते खरंही होतं. आता ती सावरतेय, त्याचं जेवणखाण तीच बघते, पण ते बघायला कुणी गेलं नाही.

जवानांच्या कुटुंबांचं बघायला एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी असतात. त्यांच्यापुढे हे गेलं. कोर्ट नव्हतं ते. त्या स्वतःच म्हणाल्या, "कायद्यानं मूल आईचं आहे, मी फक्त समजूत घालायला बसलेय." पण छावणीत त्यांच्या शब्दापुढे ठकूबाई काय बोलणार होती? ठकूबाईला हिंदी येत नाही, खंडेरावांना मोडकंतोडकं येतं. म्हणून दुभाषाचं काम करायला मला बोलावलं.

खंडेराव उभं राहूनच बोलले. "माझं येकुलतं येक गेलं, बाईसाहेब. सरकारनं पेटी बी दिली न्हाई, तिकडंच जाळलं म्हनं. त्याचं पोरगं तरी मला द्या. त्याच्या तोंडाकडं बगून चार वर्सं काडतो." मी ते हिंदीत सांगितलं. मला या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. पण त्यांच्याकडे बघताना मला सारख्या तुम्ही दिसत होतात, वन्सं. भावाला पोचवून घरी आलेल्या, कडेवर अरुणा.

मग त्या बाईंनी समोरचा कागद उचलला. त्यांनी संस्थेत फोन करून विचारलं होतं, की या मुलाचं आईशी कसं आहे. विजयालक्ष्मीबाईंनी फोनवर नोंद वाचून दाखवली होती, ती या कागदावर उतरवलेली होती: आई परत आल्यावर मूल तिच्याकडे गेलं नाही, पाठ केली, लांब सरकलं. शब्द न् शब्द खरा. आणि हे मलाच मराठीत करून ठकूबाईला सांगायचं होतं.

मी सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

मग मी म्हटलं, मला स्वतःचं काही बोलायचंय. हिंदीत बोलले, जमेल तेवढं स्पष्ट. मुलानं पाठ केली म्हणजे माया नाही असा अर्थ नाही. ज्याला आईशी काही देणंघेणं नसतं ते मूल तिला टाळत नाही. याचा बाप गेला आणि आई समोर असून नसल्यासारखी झाली. ते मूल रुसलंय, घाबरलंय. त्याला तिच्यापासून आता तोडलं, तर जे बिघडलंय ते तसंच गोठेल. आई सावरतेय. तिला थोडा वेळ द्या.

त्या बाई ऐकत होत्या. खरोखर ऐकत होत्या. खंडेरावही माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जमलं.

मग त्यांनी सहज विचारलं, "आपके बच्चे हैं?"

"एक बेटी है।"

"अच्छा। यहीं स्कूल जाती है?"

खोटं बोलता आलं असतं. नुसतं 'हां' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नहीं। मेरी ननद के पास रहती है। महाराष्ट्र में।"

"कब से?"

"आठ महीने की थी तब से।"

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "और वो ठीक है वहाँ?"

मी म्हटलं, "जी। ठीक है।"

"तो फिर," त्या म्हणाल्या.

ठकूबाईनं माझ्या पदराला हात लावला. "काय म्हनत्यात, बाई?"

मी तिला ते सांगितलं नाही. एवढं एकच त्या दिवशी मी मराठीत केलं नाही.

गुणा आजोबांबरोबर जाईल असं ठरलं. आईनं तब्येत सुधारेपर्यंत माहेरी राहावं. सुधारली हे कोण ठरवणार, ते कुणी बोललं नाही.

मी तुम्हाला दोष देत नाही. ती ठीक आहे, हे मी खरंच सांगितलं.

अलकनंदा

पहाडगंज
२३ एप्रिल १९७२

वन्सं,

हे दिल्लीहून शेवटचं पत्र. मी नोकरी सोडली. सोडली नसती तरी ती राहिली नसती. दोन्ही एकाच दिवशी झालं, म्हणून सोडली म्हणते.

विजयालक्ष्मीबाईंनी मला बोलावलं होतं. टेबलावर मुलांच्या नावांचा तक्ता होता, त्यात गुणाच्या नावापुढे त्यांनी रेघ मारली होती. गावी गेला, आता त्याच्यामागे कोण जाणार? वर्षभरात अशी बरीच नावं गेली. बदली झालेल्यांची, गावी परतलेल्यांची. त्या रेघा बघत म्हणाल्या, "ज्यांची घरं मोडतात तीच आधी गळतात. बारा वर्षांनी माझ्यासमोर न मोडलेल्या घरांची मुलं बसलेली असतील, आणि मी लिहीन की मुलं छान वाढतात."

"तुम्ही ती नोंद फोनवर वाचून दाखवायला नको होती," मी म्हटलं.

"मी खोटं काही सांगितलं नाही."

"नाही."

मग मला म्हणाल्या, "तुमची मुलगी आहे हे मला छावणीतून कळलं. तुम्ही सांगितलं का नाहीत?" मी उलट विचारलं, "पाठ केलेलं मूल पुन्हा वळतं का? तुमचे सिद्धांत काय म्हणतात?"

"पुष्कळ मुलांबद्दल सांगतात. एका मुलाबद्दल नाही सांगता येत." आणि मग, "मला माहीत नाही, अलकनंदा. तेच कळावं म्हणून बारा वर्षं थांबायचं होतं."

आता ठकूबाईचं. तिला न्यायला माहेरून भाऊ येणार होता. गेल्या आठवड्यात खंडेराव गुणाला घेऊन निघाले, मी स्टेशनवर गेले होते. गुणा आजोबांच्या मांडीवर, हातात बिस्किट. गाडी सुटायला थोडा वेळ होता तेव्हा ठकूबाई आली. डोक्यावर बोचकं, एकटी. सरळ डब्यात चढली आणि समोरच्या बाकावर बसली.

खंडेराव दचकले. "तू कुटं?"

"तुमच्यासंगं."

"म्हातारी घरात घेनार न्हाई तुला. माज्या लेकाला खाल्लं म्हनती."

"नका घेऊ. गोठ्यात निजंन."

"अगं पोरगं येतंय का तुज्याकडं? ते बग, वळून बी बगंना."

"न्हाई येत," ठकूबाई म्हणाली. "नको येऊ दे. म्या त्याला न्यायला न्हाई आली मामंजी. त्यो असंल तितं ऱ्हायला आली."

म्हाताऱ्यानं फेटा काढून बाकावर ठेवला, पुन्हा घातला. मग बोचकं बाकाखाली सरकवायला त्यानं पाय जरा बाजूला घेतले. तेवढंच. मी खिडकीशी उभी होते. गाडी हलली तेव्हा ठकूबाई बाहेर बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. गुणा खिडकीतून बाहेर बघत होता. पुढे काय झालं मला माहीत नाही. सासू सखुबाईनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं की नाही, हेही कळलेलं नाही. तिला लिहिता येत नाही.

मी तीन रात्री झोपले नाही आणि मग तिकीट काढलं.

कराडात एका बालवाडीला बाई हव्या आहेत. तुमच्या शाळेशी तिचा काही संबंध नाही, ते मी आधी विचारून घेतलं. कृष्णेच्या बाजूला एक खोली मिळतेय. मी अरुणाला न्यायला येत नाहीय, वन्सं. तिनं तुम्हालाच आई म्हणावं. तिनं तुम्हाला धरलंय, आणि ते सोडवायला मी हात घालणार नाही. त्या खोलीत मी जे पाहिलं ते पुन्हा बघण्याची माझ्यात ताकद नाही, आणि या वेळी ते माझ्या हातून व्हायला नको.

पण मी तुमच्या सांगण्यावरून लांबही राहणार नाही. दोन आयांचा घोळ नको, तर मला आई म्हणू नका. अलकनंदा म्हणा. दिल्लीहून आलेली बाई म्हणा. पाहुणी म्हणून येईन, ओसरीवर बसेन, ती जवळ आली तर बोलेन, नाही आली तर तुमच्याशी शाळेबद्दल बोलेन. चहा नाही दिलात तरी चालेल. ती लपली तर लपू दे. तिला हाका मारू नका.

मी कोण हे तिला केव्हा सांगायचं, ते तुम्ही ठरवा. कधीच नाही असं ठरवलंत तर काय करेन, ते मला आज माहीत नाही. खोटं कशाला लिहू?

मी गुरुवारी पोचते. रविवारी दुपारी येईन. दार उघडलं नाहीत, तर त्याच्या पुढच्या रविवारी येईन.

अलकनंदा